फॉर्मॅट मारण्याआधी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, त्यामुळे जुळे सोलापूरच्या अनेक घरांत ही तारीख आली आणि गेली. हॉलच्या कोपऱ्यातला, मुलाच्या बारावीच्या वर्षी घेतलेला संगणक आजही सुरू होतो, वीजबिल भरतो, लग्नाचे फोटो दाखवतो. फक्त त्याच्या सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आता आपोआप येत नाहीत. नोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ आहे, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ घालावी म्हटले तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक या अटीत बसत नाही.

मग कुणीतरी भाचा किंवा शेजारी म्हणतो, ‘लिनक्स टाका की, फुकट आहे.’ रविवारी सकाळी पेनड्राइव्ह येतो. दुपारी पडदा काळा होतो, त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक इंग्रजी ओळ लुकलुकत राहते आणि पुढे काहीच होत नाही. संध्याकाळपर्यंत घरात दोन निकाल लागलेले असतात: ‘संगणक गेला’ किंवा ‘लिनक्स काही खरे नाही’. तिसरा निकाल दुकानात मिळतो, ‘फॉर्मॅट मारून टाकू’. ताप आला की प्रतिजैविकाची गोळी, तसा हा उपाय. लागू पडला तर डॉक्टर मोठा, नाही पडला तर रोगी जुनाट. रोग काय होता हे मात्र कुणी विचारत नाही.

वास्तविक अडलेले इन्स्टॉलेशन बरेच काही सांगत असते. ते कुठे अडले, दर वेळी तिथेच अडते की वेगवेगळ्या ठिकाणी, अडताना काही लिहून गेले की मुकाट्याने बंद पडले, या तीन गोष्टींवर निदान बरेचसे होते. पडद्यावरच्या त्या ओळीचा मोबाइलने फोटो काढून ठेवणे ही पहिली तपासणी. बहुतेक जण तेवढेही न करता बटण दाबून पुन्हा सुरू करतात आणि पुरावा पुसून टाकतात.

त्याही आधी एक काम आहे आणि इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. आपल्याकडे पक्का समज आहे की ‘सी’ ड्राइव्हमध्ये विंडोज आणि ‘डी’ ड्राइव्हमध्ये आपले सामान, म्हणजे नवी प्रणाली टाकली तरी ‘डी’ला धक्का लागत नाही. विंडोज पुन्हा टाकताना हे बहुधा खरे ठरते. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला तर मात्र सगळी डिस्क पुसली जाते. सी, डी, ई असा भेद तिथे नाही. आजोबांचा आवाज, बाळाचे बारसे, घराच्या खरेदीखताची स्कॅन प्रत, सगळे एकाच डिस्कवर असेल तर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि ती प्रत उघडून पाहावी. ‘कॉपी झाली’ आणि ‘कॉपी उघडते’ यांत फरक असतो. विंडोज सुरूच होत नसेल तरी बिघडत नाही. लिनक्सची बहुतेक रूपे पेनड्राइव्हवरूनच, संगणकात काहीही न बसवता, ‘लाइव्ह’ चालवून पाहता येतात, आणि तिथून जुन्या डिस्कवरचे सामान बाहेर काढता येते. लिनक्सचा एवढा उपयोग झाला तरी रविवार सत्कारणी लागला.

आता अडण्याच्या जागा. पेनड्राइव्ह लावूनही संगणक थेट विंडोजच उघडत असेल तर दोष बहुधा पेनड्राइव्ह तयार करण्याच्या पद्धतीत असतो. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा बलेना एचरसारख्या साधनाने ती ‘लिहावी’ लागते. सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप अशी कळ दाबून (कंपनीगणिक ती बदलते) पेनड्राइव्ह निवडावा लागतो. त्यात पिढ्यांचा एक पेच आहे. साधारण २०१२ मध्ये, विंडोज ८ च्या सुमारास, घरगुती संगणकांतून जुनी बायोस पद्धत जाऊन यूईएफआय सर्रास झाली. रुफसमध्ये पेनड्राइव्ह बनवताना जुन्या संगणकासाठी एमबीआर आणि नव्यासाठी जीपीटी अशी निवड दिसते. ती चुकली की संगणकाला पेनड्राइव्ह असून नसल्यासारखा. हा बिघाड नव्हे, पाच मिनिटांत सुटणारी चूक आहे. पण याच टप्प्यावर कितीतरी लोक हात टेकतात.

पडद्यावर ‘६४-बिटचा प्रोसेसर हवा’ अशा अर्थाचा संदेश आला तर मात्र थांबून विचार करावा लागतो. उबंटूने २०१७ मध्येच डेस्कटॉपची ३२-बिट आवृत्ती काढणे बंद केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर थांबवला. खऱ्या अर्थाने ३२-बिट असलेल्या संगणकांना आता अँटीएक्ससारखी मोजकीच रूपे उरली आहेत. मात्र आपल्याकडे एक गंमत झालेली आहे. २००६ नंतरचे कोअर टू ड्युओ प्रोसेसर मुळात ६४-बिट होते, पण रॅम दोन जीबी म्हणून दुकानदारांनी त्यांवर ३२-बिट विंडोज ७ टाकून दिली. घरच्यांच्या डोक्यात आजही ‘आपला ३२-बिटवाला’ असेच बसलेले आहे. विंडोज काय सांगते त्यापेक्षा प्रोसेसरचे नाव शोधून खात्री करून घेणे चांगले.

मेनू दिसला, सुरुवात झाली आणि मग पडदा काळा पडला, तर संशय ग्राफिक्सवर. लिनक्स मिंटच्या सुरुवातीच्या मेनूत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ ही ओळ याचसाठी ठेवलेली असते. इतर रूपांत मेनूवर ‘ई’ ही कळ दाबून, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी) हा एक शब्द लिहून पाहावा. एवढ्यावर ‘मेलेला’ संगणक अनेकदा उठून बसतो. उठला की योग्य ड्रायव्हर नंतर बसवता येतो.

फाइली उतरत असताना मध्येच अडले तर ती जागा लक्षात ठेवावी. दर वेळी एकाच टक्क्यावर अडत असेल तर बहुधा डाउनलोड अर्धवट आहे, पेनड्राइव्ह खराब आहे किंवा डिस्कचा तेवढा भाग गेलेला आहे. डाउनलोडच्या पानावर ६४ अक्षरांची एक लांबलचक खूण दिलेली असते, तिला एसएचए-२५६ म्हणतात. आपल्या फाइलची खूण तिच्याशी जुळली नाही तर फाइल पुन्हा उतरवावी, वाद घालू नये. अडण्याची जागा दर वेळी बदलत असेल तर रॅम किंवा उष्णता यांपैकी काहीतरी आहे असे समजावे. वीज काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, सोनेरी कडा खोडरबरने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवावी. दुरुस्तीवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण कडांवर बसलेला थर खरोखरच संपर्क तोडतो. मग मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवावी. तिने एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बदलणेच इष्ट.

उष्णतेबद्दल मात्र सोलापुरात वेगळे सांगायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि मोकळ्या रस्त्यांची धूळ खिडकीतून थेट कॅबिनेटमध्ये जाऊन बसते. दहा वर्षे न उघडलेल्या संगणकात प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची अक्षरशः गादी तयार झालेली असते आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी होते. एरवी पत्र टाइप करताना हे जाणवत नाही. इन्स्टॉलर मात्र दाबून भरलेल्या फाइली उलगडत असतो, त्यात प्रोसेसर सलग राबतो, तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी संगणक एकदम बंद होतो. संदेश नाही, काही नाही. आणि पाच-दहा मिनिटे थांबल्याशिवाय धड सुरूही होत नाही. हेच इन्स्टॉलेशन पहाटे करून पाहावे. पहाटे जमले आणि दुपारी जमत नसेल तर निदान झाले. वीज काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून धूळ झटकावी आणि पेस्ट नवी लावून घ्यावी. तरीही फरक पडला नाही तर एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, थकलेला असू शकतो. ऐन कामात वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली असली, तर घाबरण्याचे कारण नाही; डिस्कवर अर्धवट लिहिले गेले एवढेच, काम पहिल्यापासून करायचे.

इन्स्टॉलेशन पूर्ण झाले, पण अपडेट उतरत नाहीत आणि प्रत्येक संकेतस्थळ ‘प्रमाणपत्र वैध नाही’ म्हणते, अशा वेळी आधी घड्याळाकडे पाहावे. तारीख २००९ ची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल संपला आहे. वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून हे नाव. काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करायची चांगली सवय असलेल्या घरांत हा सेल उलट लवकर संपतो, कारण बटण सुरू असेपर्यंत घड्याळाला वीज बाहेरून मिळत असते. थोड्या पैशांची ही दुरुस्ती आहे. पण काढलेला सेल टेबलावर ठेवून चहाला उठू नये. लहान मुलाने असा लिथियम सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. तसा नुसता संशय जरी आला तरी एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय लगेच गाठावे.

सगळे सुरळीत होऊनही सुरू करताना ‘बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही’ असे आले तर बूटलोडर चुकीच्या डिस्कवर, कधी कधी त्या पेनड्राइव्हवरच, बसलेला असतो. तो पुन्हा योग्य जागी बसवता येतो. सगळे पुन्हा करण्याची गरज नसते.

लिनक्स सगळ्यांनी घ्यावेच असा आग्रह धरणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. टॅलीवर हिशेब ठेवणारा छोटा व्यापारी, श्रीलिपीत वर्षानुवर्षे पत्रिका जुळवणारा छापखाना, डिजिटल सहीचे टोकन वापरणारा कर सल्लागार यांनी घाई करू नये. काही जुन्या लेझर प्रिंटरांचे लिनक्सशी जमत नाही. म्हणून लाइव्ह चालवतानाच एक पान छापून पाहिलेले बरे. मराठी टंकलेखनाची अडचण मात्र सांगितली जाते तेवढी नाही. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आयता मिळतो आणि युनिकोडमधला मजकूर जसाच्या तसा उघडतो.

हे सगळे प्रत्येक कुटुंबाने एकट्याने का करावे, हा प्रश्न उरतोच. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर चालतात. २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये पहिले ‘रिपेअर कॅफे’ भरले. शेजारीपाजारी आपापल्या बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकार त्यांच्यासोबत बसून त्या उघडतात, अशी ती साधी कल्पना. सोलापुरात विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, संगणकशास्त्र शिकणारी शेकडो मुले आहेत. त्यांना प्रात्यक्षिकासाठी याहून चांगले रोगी कुठे मिळणार? महिन्यातला एक रविवार, एखाद्या वाचनालयाचे सभागृह, चार टेबले आणि दोन मोकळ्या हार्ड डिस्क एवढ्यावर हे भरू शकते. गणेश मंडळांनी रक्तदान शिबिराशेजारी असे एक टेबल मांडले तर वर्गणीतला फार थोडा हिस्सा जाईल. कारण दुसरा रस्ता भंगाराचा आहे. जुन्या बोर्डांवरच्या डागात आणि जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की विषारी धूर होतो, आणि शिशाची सर्वाधिक बाधा वाढत्या वयाच्या मुलांना होते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; गल्लीत ‘भंगार’ म्हणून ओरडत येणाऱ्या हातगाडीपर्यंत ते पोहोचायचे आहेत.

काही संगणक खरोखरच संपलेले असतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले, डिस्क टक-टक आवाज करणारी, बायोसच उघडत नाही, अशांवर आणखी रविवार घालवू नयेत. ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत, पण चार स्क्रू काढून हार्ड डिस्क आधी घरात ठेवून घ्यावी. नुसत्या फॉर्मॅट मारलेल्या डिस्कवरून बँकेची कागदपत्रे आणि घरचे फोटो परत काढता येतात, आणि ते काढणारी माणसे त्या धंद्यात आहेत.