साहेब, आम्ही अनोळखी कसे?

आदरणीय साहेब,


तुम्ही मला नावानं ओळखत नसाल. गेल्या जूनमध्ये धारूरच्या मंगल कार्यालयात तुमच्या संस्थेनं निर्यातीचा वर्ग घेतला, तेव्हा तिसऱ्या रांगेत बसून सगळं वहीत उतरवून घेणारी बाई मी. जेवणाच्या सुट्टीत वही चाळून तुम्हीच म्हणाला होतात, "ताई, असे शेतकरी असले तर बीडचं सीताफळ युरोपात पोचलंच म्हणून समजा." ते वाक्यसुद्धा मी खाली तारीख घालून लिहून ठेवलं. आणि परवा जिल्ह्याच्या बैठकीत तुम्ही सांगितलंत, माल अडकला कारण शेतकऱ्यांची तयारी कमी पडली. आमच्याच गटातला एक जण तिथं होता. घरी येऊन त्यानं मान खाली घालून हे सांगितलं, जणू चूक त्याचीच. तुम्ही चारचौघांत बोललात, म्हणून मीही चारचौघांतच लिहितेय.

सीताफळाचं घड्याळ तुम्हाला सांगायला नको. खाचांमधली फिकट रेघ रुंदावली, डोळे उघडले, की तोडायचं. तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते मऊ होतं. जास्त गारठ्यात ठेवलं तर साल काळी पडते, म्हणून द्राक्षासारखं कंटेनरात भरून बोटीनं पाठवायची सोय नाही. त्याला विमानच लागतं. आणि ते पिकतं कुठं, तर बालाघाटाच्या खडकाळ उतारावर, जिथं बीड शहरात रेल्वे यायलाच 2025 चा सप्टेंबर उजाडला. पाल्याला शेळी तोंड लावत नाही आणि पावसानं दगा दिला तरी झाड तग धरतं, म्हणून आमच्याकडं ते आहे. लाड करून वाढवलेलं नाही.

त्यात तोडणीचा मोसम म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे, नेमकी तेव्हाच गावातली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. माल पाठवायच्या आठवड्यात आमच्याकडं फळ निवडायला अकरा बायका होत्या. त्यांतल्या दोघींनी उचल घेतलेली होती, तरी मुकादमाच्या विनवण्या करून दोन दिवस मागून घेतले. का, तर 'आपलं फळ इमानानं जानार.' दीडशे खोकी भरली, प्रत्येकी चार किलो. एकेक फळ जाळीत घातलं आणि तुम्ही सांगितलं होतं म्हणून प्रत्येक खोक्यात ती पुडी ठेवली.

पुडीवर थांबते थोडं. वर्गात तुम्ही ती हातात धरून दाखवली होतीत. फळातून सुटणारा इथिलिन वायू ती शोषून घेते आणि पिकणं लांबतं. माझ्या वहीत याच शब्दांत आहे. आत काय असतं, हे तुम्ही सांगितलं नाही. आत पोटॅशियम परमँगनेट असतं. साथीच्या दिवसांत विहिरीत टाकायचे तीच जांभळी पूड. आमच्या लेखी ती औषध. विमानाच्या नियमांत मात्र ती आग भडकवू शकणारी, ऑक्सिडायझर जातीची वस्तू आहे. पुडीत ती थोडी असते, दुसऱ्या पदार्थात मुरवलेली असते, आणि बनवणाऱ्याचा सुरक्षेचा कागद, ज्याला ते लोक एमएसडीएस म्हणतात, सोबत असला तर बोलणं तरी करता येतं. आमच्याकडं दीडशे पुड्या होत्या आणि कागद एकही नव्हता.

माल गेला त्या रात्री मुंबई विमानतळाच्या कार्गोच्या दारात मी स्वतः होते. चारशेहून जास्त किलोमीटर टेम्पोच्या केबिनमध्ये बसून गेले होते. आधी कळलं की विमान कंपनीच्या कागदावर मालाचं वर्णन इंग्रजीतून नुसतं 'शेतीमाल' असं पडलंय. एजंटाकडच्या पोरानं घाईत तसं टाइप केलेलं. युरोपच्या नियमात हा शब्द चालत नाही, फळाचं नाव लागतं. 1 मार्च 2023 पासून युरोपीय संघात हवाई मार्गानं जाणाऱ्या सगळ्याच मालाचा तपशील, कुणी पाठवला, कुणाला, किती नग, किती वजन, आत काय, माल विमानात चढण्याआधी तिकडच्या कस्टमच्या संगणकाकडं जावा लागतो. सगळं ठीक असेल तर पुढं. नाहीतर तिकडून तीन प्रकारचं उत्तर येऊ शकतं: आणखी माहिती द्या, पुन्हा तपासा, किंवा चढवूच नका. आम्हाला पहिलं आलं. म्हणजे सर्वांत सौम्य. पण रात्री एक वाजता उत्तर द्यायला कागदावर ज्याचा नंबर होता त्याचा फोन बंद. मी समोर उभी होते, हातात वही होती, मला सगळं माहीत होतं, पण मला कुणी विचारू शकत नव्हतं. कागदावर मी नव्हतेच.

तोपर्यंत एक्स-रेवाल्यांनी सांगितलं, पॅलेट फोडा. आम्ही खोकी एकावर एक रचून जाळीनं अशी घट्ट बांधली होती की फोटो काढून गटावर टाकलेला. पण इतक्या दाट रचलेल्या मालाच्या पोटात मशीनला नीट दिसत नाही, एकेक खोकं वेगळं सरकवावं लागतं. सरकवलं तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात पुडीचा डाग. तिथल्या माणसानं मला स्क्रीन दाखवला. सेंद्रिय वस्तू त्यात नारिंगी दिसतात. फळ नारिंगी आणि स्फोटकंही बहुतेक नारिंगीच. तो बिचारा सभ्य होता, वयानं माझ्या भाच्याएवढा. म्हणाला, "मावशी, यात काय आहे ते लिहून द्या." मी म्हटलं, फळ पिकू नये म्हणून पुडी आहे. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

विमान गेलं. पुढच्यात जागा दोन दिवसांनी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माल वाशीच्या घाऊक बाजारात मिळेल त्या भावानं दिला. तेव्हा खोकी उघडली तर काही फळांना बोट लावलं की आत जात होतं.

माझी तक्रार नियमावर नाही, हे नीट वाचा. तुम्ही बैठकीत तसंही सुचवलंत म्हणे, की शेतकऱ्यांना सुरक्षेचं गांभीर्य नसतं. 23 जून 1985 ला एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, 329 माणसं गेली, ते सामानात ठेवलेल्या बाँबनं. 2010 च्या ऑक्टोबरात येमेनहून निघालेल्या पार्सलांतल्या प्रिंटरच्या काडतुसांत स्फोटकं सापडली, एक दुबईत, एक इंग्लंडमध्ये. 2024 च्या जुलैत जर्मनीत लाइपझिगला आणि इंग्लंडात बर्मिंगहॅमला पार्सलं पेटली. प्रत्येक वेळी कुणीतरी साध्या वस्तूच्या आड काहीतरी घातलेलं होतं. मग साध्या वस्तूकडं संशयानं बघणं आलंच. ते मला पटतं. मीही विमानात बसणाऱ्या माणसांचीच आई आहे, माझा पोरगा पुण्याहून बेंगळुरूला जात असतो.

मला लागलं ते दुसरंच. या नियमांत एक शब्द आहे, 'नोन कन्साइनर', ओळखीचा पाठवणारा. ज्याची जागा, माणसं, कुलपं आधी तपासून झाली आणि जिथून माल दुसऱ्या कुणाचा हात न लागता विमानतळावर पोचतो, तो ओळखीचा. बाकीचे सगळे अनोळखी, त्यांचा माल दारात तपासायचा. या हिशेबात आम्ही अनोळखी. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हाला वाटलं होतं ओळख मिळाली. युरोपच्या कोडात तर फळालाही वेगळी ओळख नाही. 0810.90 या सहा आकड्यांच्या पंगतीत आमच्या सीताफळाशेजारी डाळिंब, चिकू आणि बोरंही बसतात. ते आकडे मला वाशीत एका व्यापाऱ्याच्या मुनीमानं पाठकोऱ्या कागदावर लिहून दिले. वर्गाची फी न घेता.

अनोळखी राहूनही वाट आहे, हेही मला नंतर कळलं. मान्यता असलेल्या एजंटाच्या शेडमध्ये, दिवसाउजेडी, खोकी सुटी असतानाच तपासून घ्यायची, मग पॅलेट बांधायचं. तपासणी तीच, पण रात्री एकला नाही. पुडीचा कागद दुकानदाराकडून आधी मागायचा. आपला स्वतःचा फोन नंबर कागदावर घालायचा आणि त्या रात्री जागं राहायचं. साहेब, यातलं कोणतं आम्हाला झेपलं नसतं? फवारणीचा हिशेब आम्ही औषधाच्या नावानिशी, दिवसानिशी ठेवला. अकरा बायकांनी केसांना टोप्या घातल्या. जे जे सांगितलंत ते केलं. वर्गाच्या सहा तासांत साडेतीन तास बाजारपेठेच्या संधींवर गेले आणि पडद्यावर लंडनच्या दुकानातले फोटो होते. सुरक्षेवर एक ओळ नव्हती. माझी वही साक्षीला आहे.

आणि माल अडकला त्या सकाळी मी तुम्हाला फोन केला होता. आठवतंय का? तुम्ही म्हणालात, "हे विमान कंपनीचं काम, आमच्या कक्षेत येत नाही." मग चार महिन्यांनी, बैठकीत, ते आमच्या तयारीत कसं आलं?

त्या दोघींबद्दल सांगायचं राहिलं. मुकादमानं दोन दिवस उशिराचे पैसे उचलीतून कापले. मी गटातून भरून द्यायला गेले, तर त्यांनी घेतले नाहीत. एकीनं एवढंच विचारलं, "मग ते इमान रिकामंच गेलं का?"

यंदाच्या वर्गाचं निमंत्रण कालच आलं. विषय तोच, 'निर्यातीच्या संधी', वेळ अकरा, जेवणाची सोय आहे. मी येणार आहे, तिसऱ्याच रांगेत बसेन. उरलेल्या पुड्यांतली एक सोबत आणते. तिच्यावरचं बारीक अक्षर तुम्ही माइकवरून सगळ्यांना वाचून दाखवा, मी लिहून घेते.

आपली,
सीताफळ उत्पादक गटाची सचिव,
ता. धारूर, जि. बीड