केस उन्हाने पांढरे झाले नसतील, पण ऊन वय बघतं!

मंडळी, एप्रिल लागला की आमच्या घरी रोजचा वाद. "बाबा, आठ वाजून गेले, आता फिरायला नका जाऊ." उत्तर ठरलेलं, "माले काय व्हस? सारी जिंदगी उनमां काढी!"

मेहरूण तलावावर जा नाहीतर पांझरेच्या काठावर, साठी-सत्तरीचे असे बहाद्दर भर उन्हात झपाझप चालताना दिसतील. जिद्दीला सलाम. पण शरीराचा हिशेब वेगळा असतो.

४२-४३ अंशात हवाच अंगापेक्षा गरम असते. मग अंग थंड ठेवायला एकच उपाय उरतो, घाम. वय वाढलं की घामाच्या ग्रंथी कमी घाम सोडतात. आतली उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडे जास्त रक्त जावं लागतं, तेही कमी जातं. चालताना पायांनाही रक्त हवं, त्वचेलाही हवं. ही दुहेरी ओढाताण म्हाताऱ्या हृदयाला झेपत नाही. वर तहानही उशिरा लागते. म्हणजे "तहानच नाही" याचा अर्थ "पाणी पुरेसं आहे" असा नव्हे!

उन्हाची सवय होते, हे खरं. पण ती आठ-पंधरा दिवसांत हळूहळू येते आणि ऊन टळलं की जाते. चाळीस वर्षांपूर्वी शेतात गाळलेला घाम आज कामाला येत नाही.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जीव गेले. ती माणसं पळत नव्हती, उघड्यावर बसली होती. आपण तर उन्हात चालतोय.

मग फिरणं सोडायचं? अजिबात नाही. जो नियमित चालतो त्याचं शरीर उन्हाला जास्त तोंड देतं. बदलायची ती वेळ. मेमध्ये सहाच्या आत उजाडतं, तेव्हा निघा, सातपर्यंत घरी या. निघण्याआधी पाणी प्या, सोबत कुणीतरी असू द्या. बीपीची, लघवी वाढवणारी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. कुणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला तर "बसा थोडं" म्हणत वेळ घालवू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि जळगाव-धुळ्याच्या दोन्ही महापालिकांना एक सांगणं. उन्हाळ्यात सगळ्या बागा पहाटे पाचला उघडा, पाण्याची सोय ठेवा, चालायच्या वाटेवर झाडं लावा. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला. भुसावळ-जळगावचा पारा दरवर्षी बातम्यांत झळकतो, मग आपण फक्त आकडेच मोजत बसायचं का?

बाबा आता साडेपाचला निघतात. वाद मिटलेला नाही, वेळ तेवढी बदलली. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांशी आजच हा वाद घाला.