पाणी कुठे मुरते?

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी राजकारण आणू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. चकली मोडावी, पण कोणाशी मोडू नये! यंदा तो दंडक मी मोडणार आहे आणि त्याचे कारणही एका दिवाळीतच घडलेले आहे.

2018 साली भाऊबीजेला मी नांदुऱ्याहून थोरल्या बहिणीकडे गेलो. तिच्या गावाचे नाव सांगत नाही. नगरपालिकेचे गाव आहे, एवढे पुरे. भाऊजी तिथले नगरसेवक. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडलेले, एका पक्षाचे; आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे भाऊजींच्या पक्षाचे. ओवाळणी झाली, पाट उचलला गेला आणि भाऊजींनी माझ्यापुढे कोरे कागद ठेवले. "मास्तर, तुमची लेखणी धारदार. अध्यक्षाविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा तुम्ही करा, सह्या आम्ही करतो."

मी शिकून मॅट्रिकच झालेला. पण दोन कादंबऱ्या छापून आल्या होत्या. स्तुतीने फुगलो. जलवाहिनीची बिले, तिजोरीतून गेलेला पैसा, दहाव्या दिवशी नळाला येणारे पाणी, अशी सात कलमे एका रात्रीत लिहून दिली. शेवटचे वाक्य लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता, हे कबूल करतो.

पुढे काय झाले? अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. सह्या करणारे सदस्य फुटू नयेत म्हणून सहलीला गेले आणि समुद्र पाहून आले. मग एके दिवशी अर्ज गुपचूप मागे घेतला गेला. सह्या करणाऱ्या प्रत्येकाच्या प्रभागात एकेक सिमेंटचा रस्ता मंजूर झाला होता. माझ्या मसुद्यातले पाचवे कलम रस्त्यांच्या कामातील घोटाळ्याविषयीच होते!

ते अध्यक्ष चोर होते की साव, हे आजतागायत कोणाला कळलेले नाही. चोर असतील तर सुटले. साव असतील तर जन्माचे डागाळले. माझी कलमे खरी होती की खोटी, हे मलाही ठाऊक नाही. पण ती लिहिणारा हात माझा होता. म्हणून हा लेख.

प्रश्न एका गावापुरता नाही. महाराष्ट्राने 2016 साली नगराध्यक्षांची थेट निवडणूक आणली, 2020 साली ती काढली, 2022 साली पुन्हा आणली. आणि डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका त्याच पद्धतीने झाल्या. अध्यक्ष एकाचा आणि सभागृह दुसऱ्याचे, हा योग या पद्धतीत कुठल्याही गावी जुळून येऊ शकतो. अशा वेळी विरोधी सभागृहाने अध्यक्षांची चौकशी करावी काय? त्यांना खुर्चीवरून खाली ओढावे काय?

माझे उत्तर असे: चौकशी अवश्य करावी, पण खुर्चीचा निकाल सभागृहाने एकट्याने लावू नये.

अध्यक्षांचे पाठीराखे म्हणतात, "यांना जनतेने निवडले आहे. यांची चौकशी म्हणजे जनतेचा अपमान!" वा! आणि सभागृह काय आकाशातून पडले? त्याच मतदाराने, त्याच दिवशी, त्याच केंद्रावर दुसरे बटण दाबून ते निवडले. घरातली शहाणी बाई कपाटाची किल्ली एकाकडे ठेवते आणि हिशेबाची वही दुसऱ्याकडे. मतदाराने तेच केले. वही उघडण्याला जो अपमान म्हणतो, त्याच्या मनात काही काळेबेरे आहे, असे मी तरी समजेन.

दुसरे म्हणतात, "विरोधकांची चौकशी म्हणजे सूड!" असेल. पण सूडबुद्धीने मोजले म्हणून हिशेबातले आकडे बदलतात काय? चौकशी कोण मागतो याला महत्त्व नाही. ती कशी होते याला आहे. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये घातल्याचे लोकसभेत उघडे केले ते फिरोज गांधींनी, आणि ते सत्ताधारी काँग्रेसचेच होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी मुंबईत सर्वांसमक्ष चौकशी केली आणि ती आठवड्यांत संपवली. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले. दार उघडे ठेवले आणि काम झटपट केले, म्हणून सौदा करायला कोणाला सवडच मिळाली नाही.

काढून टाकणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे नुसते डोके मोजून भागत नाही. अमेरिकेत 1868 साली अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला, तेव्हा सिनेटमध्ये विरोधकांचे दोन-तृतीयांशाहून अधिक बळ होते. तरी त्यांच्यातलेच सात जण फुटले, सहलीला न जाता फुटले, आणि 35 विरुद्ध 19 अशा मतांनी, एका मताच्या फरकाने, जॉन्सन वाचले. उलट आपल्याकडे 1993 साली न्यायमूर्ती रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव पाहा. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या समितीने त्यांना बहुतेक आरोपांत दोषी ठरवले होते. लोकसभेत प्रस्तावाच्या बाजूने 196 मते पडली, विरोधात एकही नाही, आणि 205 सदस्य तटस्थ बसून राहिले. प्रस्ताव बारगळला. पक्षाच्या हाती न्याय दिला की तो कधी धावतो, कधी मुका होतो.

आपल्या घटनाकारांना हे ठाऊक होते. म्हणून 61 व्या कलमात त्यांनी राष्ट्रपतींविषयी अशी तजवीज केली की, आरोप एका सभागृहाने करावा आणि चौकशी दुसऱ्याने. शिवाय आरोपीला आपली बाजू मांडण्याचा हक्क. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच नकोत, एवढे साधे तत्त्व. आजवर एकाही राष्ट्रपतीवर ती पाळी आली नाही, ही गोष्ट निराळी.

नगराध्यक्षांचे काय? 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात गैरवर्तनासाठी अध्यक्षाला काढण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. म्हणजे फाईल मुंबईला जाणार, आणि तिथे आपल्या पक्षाचे सरकार असले तर ती झोपणार, परक्याचे असले तर धावणार, अशी भीती गावकऱ्याला वाटली तर त्याचे काय चुकले? याच राज्यात खेड्यांसाठी अधिक शहाणपणाचा कायदा झाला. 2017 साली थेट सरपंच आले, तेव्हा अट घातली की तीन-चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव केला तरी ग्रामसभेने गुप्त मतदानाने तो मान्य करावा. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात थेट निवडलेल्या नगराध्यक्षांसाठी तीन-चतुर्थांश नगरसेवकांच्या मागणीनंतर मतदारांपुढे दोन चित्रे ठेवण्याची रीत पडली: रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची. ज्याने बसवले, त्यानेच उठवावे!

खेडुताला जे कळते ते शहरवासीयाला कळणार नाही काय? म्हणून माझी मागणी अशी. सभागृहाने तक्रार करावी, पण एकदा सही केली की ती मागे घेता येऊ नये. चौकशी गावाबाहेरच्या निःपक्ष अधिकाऱ्याने गावात, उघड्या दारांनी आणि ठरल्या मुदतीत करावी. दोष सिद्ध झाला आणि तीन-चतुर्थांश सदस्यांनी मागणी केली, तर निवाडा मतदारांनी द्यावा. खोटी तक्रार करणाऱ्यांची नावेही त्याच फळ्यावर लागावीत. मसुदा लिहिणाऱ्या मास्तराचेसुद्धा.

अर्ज मागे घेतल्यानंतरच्या भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो, तेव्हा दारासमोर नवा कोरा सिमेंटचा रस्ता होता आणि त्यावर टँकर उभा होता. ती दोन हंडे भरून आली, कंबरेवरचा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "तुम्ही त्या अध्यक्षाला ठेवा नाहीतर काढा, मला त्याचं काही नाही. पाणी कुठं मुरलं, तेवढं सांगा."

मी खाली मान घालून ओवाळून घेतले. तिच्या ताटात घातलेली नोट तिने उचलली. पण तिचा प्रश्न अजून तिथेच पडून आहे.