पदवी तुरुंगात, परीक्षा वेशीबाहेर

‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन १९८९ साली नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही, अशा शेतकरी, कामगार, गृहिणींपर्यंत ते पोहोचले. याच शहरातील नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीही या विद्यापीठाने ओलांडल्या. तेथील बंद्यांना पदवीपर्यंतचे शिक्षण घेण्याची सोय झाली. ही गोष्ट निश्चितच भूषणावह आहे. मात्र शिकलेला बंदी जेल रोडवर पाऊल ठेवतो, त्यानंतर काय होते, याकडे शासनाचे आणि समाजाचेही लक्ष क्वचितच जाते.

दहावी, बारावी किंवा पदवीसारखी परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शिक्षाधीन बंद्याला महाराष्ट्रात नव्वद दिवसांपर्यंत विशेष माफी मिळू शकते. अभ्यासाला बसण्यास हे मोठेच प्रोत्साहन. पण ही सवलत शिक्षा झालेल्यांसाठी आहे आणि आपले तुरुंग भरलेले आहेत ते खटल्याची वाट पाहणाऱ्यांनी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५ लाख ७३ हजार २२० बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ न्यायाधीन होते. म्हणजे दर चौघांमागे तिघे. त्यांना माफीचा लाभ नाही. जामीन कधी होईल, याचा नेम नाही. वर्षाच्या मध्यात सुटका झाली, तर अभ्यासकेंद्र बदलणे, पुस्तके मिळवणे, परीक्षा केंद्र शोधणे हे सारे ज्याच्या डोक्यावर वकिलाच्या फीचे कर्ज आहे, त्याने एकट्याने करायचे. सुटकेचा आनंद आणि शिक्षणाचा शेवट एकाच दिवशी व्हावा, हा विचित्र योग आहे.

शिवाय पदवी हा थोड्यांचाच मार्ग. तुरुंगातील बहुसंख्यांचे शिक्षण दहावीच्याही खालचे असते. त्यांच्या दृष्टीने हातातले कसब महत्त्वाचे. नाशिकरोड कारागृहात विणकाम, सुतारकाम, शिवणकाम चालते. येथील बंद्यांनी घडविलेल्या शाडू मातीच्या गणेशमूर्ती नाशिककर आवडीने घरी नेतात. मूर्ती देव्हाऱ्यात बसते, मूर्तिकाराला मात्र कारखान्यात जागा मिळत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटदार अनुभव विचारतो, आयटीआयचे प्रमाणपत्र विचारतो आणि अखेरीस पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतो. कारागृहाच्या कारखान्यात पाच वर्षे रंधा चालविला, हा अनुभव सांगायचा तरी कसा? सांगितला तर नोकरी जाते, लपविला तर ती पाच वर्षे कोरी दिसतात. कारागृहातील काम आयटीआयच्या परीक्षेशी जोडून, प्रमाणपत्रावर तुरुंगाचा उल्लेख टाळला, तर निदान अर्धी अडचण दूर होईल. उरलेली अर्धी मालकाच्या मनातली आहे.

महाराष्ट्राला या विषयाची परंपरा नाही असे नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंद्यांची खुली वसाहत उभी राहिली, व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मागे हीच प्रेरणा होती. अलीकडे २०२२ मध्ये येरवडा कारागृहातून राज्य सहकारी बँकेच्या साह्याने ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू झाली, तीत बंद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. तुरुंगातील माणसाला बँकेने पतदार मानावे, हे पाऊल लहान नव्हे.

अमेरिकेने १९९४ मध्ये बंद्यांची पेल शिष्यवृत्ती बंद केली आणि जुलै २०२३ पासून ती पुन्हा सुरू केली. रँड संस्थेच्या २०१३ च्या अहवालात शिक्षण घेतलेल्या बंद्यांचे पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले होते. अर्थात, जो मुळात सुधारू इच्छितो तोच पुस्तक उघडतो, ही शंका तेथेही घेतली गेली, आणि ती रास्त आहे. तरीही जो पुस्तक उघडतो, त्याच्यापुढे दार बंद ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

नाशिकला यासाठी नवे काही उभारण्याची गरज नाही. विद्यापीठ, कारागृह, सातपूरची आयटीआय आणि दोन औद्योगिक वसाहती एकाच शहरात आहेत. सुटकेच्या कागदपत्रांबरोबर बंद्याच्या हाती शहरातील अभ्यासकेंद्राचा बदली अर्ज देणे आणि परिविक्षा अधिकाऱ्याने पहिले सहा महिने त्याचा पाठपुरावा करणे, एवढे काम विद्यापीठाच्या पुढील प्रवेशफेरीपासूनही सुरू करता येईल.