परगावच्या विद्यार्थ्याचे आजारपण

रमजानमध्ये सधन मुस्लिम वर्षभराच्या शिलकीतून २.५ टक्के जकात काढतात. कुरआनने तिचे ८ हकदार सांगितले आहेत. त्यांत गरीब आहेत, कर्जात बुडालेलेही आहेत. परगावच्या विद्यापीठात शिकताना खासगी रुग्णालयात भरती झालेला गरीब घरचा मुलगा या दोन्हींत बसू शकतो. उपचारासाठी घरचे कर्ज काढतात, मग फी थकते. आजार बरा होतो, पण शिक्षण सुटते.

बहुतांश उलेमांच्या मते जकात गरजू मुस्लिमांसाठी असते. सदका मात्र कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. म्हणून मशिदी, गणेश मंडळे आणि महाविद्यालयांनी मिळून विद्यार्थ्यांसाठी कायमचा उपचार निधी उभारावा. आजार सण पाहून येत नाही. आपल्या राज्यात मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. विद्यार्थ्याला तिथे कागदपत्रांसह घेऊन जाणारा माणूसही या निधीने नेमावा.

आणि मदत देताना फोटो नको. आजारातून उठलेल्या मुलाला वर्गात ताठ मानेने बसता आले पाहिजे.