हात लावू नये

आमच्या मुरबे गावात एका ओट्यावर एक वृद्ध नाखवा दिवसभर जाळी दुरुस्त करीत बसलेले असतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षे लोटली. जाळ्याचा आस किती बोटांचा आहे, दोर कोठे झिजला आहे, कोणती गाठ कोणी घाईघाईने मारली आहे, हे ते नुसते बोट फिरवून सांगतात. गेल्या वर्षी त्यांना घेऊन मी जवळच्या एका धर्मग्रामाच्या सणाला गेलो होतो. सभागृहात मूर्तींचे प्रदर्शन मांडले होते. क्रुसावरून उतरविलेल्या ख्रिस्ताच्या मूर्तीपाशी आम्ही थांबलो. ‘‘चेहरा कसा केलाय रे?’’ त्यांनी विचारले. ‘‘शांत आहे, नाखवा,’’ मी म्हणालो. ते हसले. त्या एका शब्दातून त्यांच्या हाती काहीच लागले नव्हते. त्यांनी हात पुढे केला, तोच एका स्वयंसेवकाने त्यांचे मनगट धरले. ‘‘आजोबा, हात लावू नका, रंग जाईल.’’

मुलगा उद्धट नव्हता. त्याने त्यांना खुर्ची दिली, सरबत आणून दिले. माझी तक्रार नेमकी येथेच आहे. अंधाला आपण खुर्ची देतो, सरबत देतो, नाताळात धान्याची पिशवीही देतो. मूर्ती मात्र त्याच्या हाती देत नाही. मग मूर्ती घडविण्यासाठी माती देण्याचा विचार आपल्या मनात येणार तरी कोठून? अंधांच्या शाळा आपल्याकडे शतकाहून जुन्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्डबाईंनी १९०० साली मुंबईत अशी शाळा काढली, १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. त्या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु अंधाचे हात म्हटले की वेताची खुर्ची आणि मेणबत्ती, हे समीकरण आपल्या समाजाच्या मनात एकदा बसले ते बसलेच.

शिल्प ही केवळ डोळ्यांनी पाहायची वस्तू आहे, असे कोणी ठरविले? संगमरवर थंड असतो, लाकूड ऊबदार लागते, भाजलेल्या मातीवर टिचकी मारली की ती पोकळ आहे की भरीव ते कळते, ओल्या मातीला वास असतो. यांतले डोळ्यांना किती उमगते? आपल्या देवळांतील कोनाड्यांत उभ्या असलेल्या किती तरी मूर्तींच्या पाठी सपाट वा अर्धवट सोडलेल्या असतात, कारण तेथे कोणाची नजर पोहोचत नाही. दृष्टिहीनाचा हात प्रथम तेथेच पोहोचेल, आणि कारागिराने अंगचोरपणा केला आहे हे त्याला तत्काळ कळेल.

मनगट धरण्याची ही रीत केवळ आपलीच नव्हे. इटलीत नेपल्स येथे सान्सेवेरो प्रार्थनामंदिरात जुझेप्पे सानमार्तीनो याने १७५३ साली घडविलेला संगमरवरी ‘वस्त्राच्छादित ख्रिस्त’ आहे. मृत प्रभूच्या देहावर दगडाचेच तलम वस्त्र. फेलीचे ताल्याफेर्री हा किशोरवयात दृष्टी गमावलेला शिल्पकार तेथे गेला असता त्याला स्पर्शाची परवानगी मिळाली नाही. दुसरा कोणी असता तर परत जाऊन वर्तमानपत्राला पत्र लिहिले असते. ताल्याफेर्रीने संगमरवर घेतला आणि स्वतःचा ख्रिस्त कोरला. त्याचे नाव ‘प्रकट ख्रिस्त’, आणि तो लोकांनी हातांनी पाहावा यासाठीच आहे. पुढे सान्सेवेरोचेही मन बदलले. २०२५ च्या मार्चमध्ये त्या मूळ मूर्तीभोवतीचा अडसर दूर करून दृष्टिहीनांना तिला स्पर्श करू देण्यात आला.

यात नवल वाटावे असेही काही नाही. सतराव्या शतकात तोस्कानातील जोव्हान्नी गोन्नेल्ली या अंध शिल्पकाराने पोप आठवे उर्बान यांचा अर्धपुतळा मातीत घडविला होता. आपल्या देशात शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची उरलीसुरली दृष्टी १९५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली. ते थांबले नाहीत. कागद कापून त्यांनी आकृती केल्या, लहान शिल्पे केली, आणि १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर चिनीमातीच्या फरश्यांचे भित्तिशिल्प उभारले. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी आपल्या या गुरूवर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला.

स्पर्शाने मूर्ती झिजते, हा आक्षेप खोटा नाही. रोममध्ये संत पीटरच्या महामंदिरातील त्या संताच्या कांस्यमूर्तीचे पाऊल शतकानुशतकांच्या यात्रेकरूंच्या हातांनी आणि ओठांनी झिजून गुळगुळीत झाले आहे. म्हणून कोणी यात्रेकरूंना हाकलले नाही. उत्तम शुक्रवारी आपण सारे रांगेने क्रुसाचे चुंबन घेतो. तेव्हा रंगाची काळजी कोणी करीत नाही. शिवाय प्रतिकृतीची सोय आहेच. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली ‘अनुभव’ हे स्पर्शदालन प्रतिकृतींवरच उभारले. इटलीत आन्कोना येथे आल्दो ग्रास्सीनी व दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या ध्यासातून १९९३ साली होमरच्या नावाने अख्खे स्पर्शसंग्रहालय निघाले.

मला अधिक चीड येते ती दुसऱ्या टोकाच्या मंडळींची. अंधाने मडके केले तरी ‘दिव्यदृष्टी’, ‘चमत्कार’ म्हणून टाळ्या पिटणारी ही मंडळी ते मडके चांगले आहे की वाकडे, हे पाहतही नाहीत. ज्याच्या कामातील दोष कोणी सांगत नाही, त्याला कोणी कलावंत मानलेलेच नसते. सरकारनेही ‘दिव्यांग’ हा गोड शब्द आणला. त्याच सरकारच्या २०१६ च्या कायद्यातील एकोणतिसावे कलम कला अशा व्यक्तींच्या आवाक्यात आणण्याविषयी सांगते, ते किती धर्मग्राम समित्यांनी वाचले आहे?

आता नाताळ येईल. गावोगाव गोठे उभारले जातील, स्पर्धा होतील. माझी मागणी साधी आहे. बोईसर-तारापूरपासून पालघरपर्यंतच्या आपल्या स्पर्धांत दृष्टिहीनांनी घडविलेल्या मूर्तींचे अर्ज घ्या. माती आणि जागा समितीने द्यावी. परीक्षकांनी त्या मूर्ती डोळे मिटून हातांनीही तपासाव्यात आणि उणे असेल तेथे उणे गुण द्यावेत. ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस मात्र कृपा करून ठेवू नये. नाखव्यांना मी विचारून ठेवले आहे. माती खाडीची चालेल का, एवढेच त्यांनी विचारले.