बाटली नको, रक्ताची तपासणी हवी

परळ, लालबाग, नायगावच्या वस्त्यांत फिरताना पन्नाशीच्या ताई-दादांच्या घरी आम्हाला ‘अँटिऑक्सिडंट’च्या महागड्या बाटल्या दिसतात. रक्तातील चरबी मात्र कधीच तपासलेली नसते. हे उलटे आहे.

वयाबरोबर शरीरात ऑक्सिडीकरणाची झीज वाढते, हे खरे. एलडीएल कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, तिथे त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि थर साचतो. म्हणून विक्रेते गोळ्या खपवतात. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजार रुग्ण होते. ई-जीवनसत्त्व घेणाऱ्यांचा हृदयविकार काही कमी झाला नाही.

मुळात एलडीएलच कमी केले पाहिजे. तंबाखू, मिश्री सोडा. तळलेले तेल पुन्हापुन्हा तापवू नका. डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नका.

बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. ६५व्या वर्षी ते गेले. मधुमेह, रक्तदाब असेल तर रक्तातील चरबीही तपासलीच पाहिजे. बाटलीचे पैसे वाचवा आणि महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन तपासणी मागा. ती भीक नाही, आपला हक्क आहे.

जय भीम!